मेटल बॉक्स

मेटल बॉक्स : पब्लिक इमेज लिमिटेड (‘पिल’) या ब्रिटिश पोस्ट-पंक बँडचा दुसरा अल्बम. प्रकाशन २३ नोव्हेंबर १९७९, व्हर्जिन रेकॉर्ड्स. बारा इंची तीन तबकड्या, बारा रचना, एकूण कालावधी सुमारे एक तास. पोस्ट-पंक संगीतातील सर्वांत कर्कश आणि तरीही सर्वांत नेमक्या कृतींमध्ये याची गणना होते.

पार्श्वभूमी : ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर बँडमधून बाहेर पडला आणि जॉन लायडन हे आपले मूळ नाव पुन्हा लावू लागला. लवकरच व्हर्जिनचा मालक रिचर्ड ब्रॅन्सन याच्यासोबत तो जमैकाला गेला. रेगे गायकांशी करार करणे हा ब्रॅन्सनचा हेतू होता. लायडन तर आधीपासूनच रेगे आणि त्यातूनच निघालेल्या डब या संगीतप्रकाराचा भक्त होता. परतल्यावर ‘पिल’ या नव्या बँडसाठी त्याने जुना मित्र जॉन वॉर्डल (जा वॉबल) याला बेसवर आणि ‘द क्लॅश’ या पंक बँडमध्ये सुरुवातीच्या दिवसांत असलेल्या कीथ लेव्हीन याला गिटारवर घेतले. वॉबलला तेव्हा बेस जेमतेम येत होता. पहिला अल्बम डिसेंबर १९७८ मध्ये आला. त्यात पंकचा जुना जोर बराच शिल्लक होता. दुसऱ्यात तो उरला नाही.

संगीत : एरवी रॉकमध्ये गिटार पुढे असते आणि बेस मागून साथ देतो. इथे नेमके उलटे आहे. वॉबलचा बेस चार-सहा सुरांची एकच फेरी मिनिटामागून मिनिटे फिरवत राहतो आणि गाण्याचा सगळा भार पेलतो. लेव्हीनची गिटार त्यावर पत्र्यावर खिळा ओढावा तशी ओरखडे काढत जाते. त्या काळात तो ॲल्युमिनियमची गिटारही वाजवत असे. लायडन गात नाही, कण्हतो, हेल काढतो, टाहो फोडतो. पहिलीच रचना ‘अल्बट्रॉस’ दहा मिनिटांहून लांब आहे आणि ती कुठे पोचतच नाही. सवय नसलेल्या कानाला हे छळ वाटेल. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मात्र बेसची पकड बसते, आणि पुढची सहा मिनिटे जास्त वाटत नाहीत.

‘स्वान लेक’ ही रचना आधी, जून १९७९ मध्ये, ‘डेथ डिस्को’ या नावाने स्वतंत्र तबकडीवर आली होती. लायडनची आई कर्करोगाने गेली, त्या मरणाबद्दलचे हे गाणे. लेव्हीनच्या गिटारीत चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ बॅलेची प्रसिद्ध धून मोडून-वाकवून येते, खाली ठेका नाचायचा आणि वर मुलाचा आक्रोश. हे गाणे ब्रिटिश विक्री-यादीत पहिल्या विसांत गेले आणि ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात सादरही झाले. ‘पॉपटोन्स’ ही अपहृत मुलीची कहाणी. गाडीत वाजत असलेली कॅसेट तिच्या स्मरणात राहते. ‘करीअरिंग’ला उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराचा संदर्भ आहे.

ड्रमवादक टिकत नव्हते. रिचर्ड डुडान्स्की, डेव्हिड हम्फ्री असे वेगवेगळे वादक अल्बमभर आहेत, ‘पॉपटोन्स’चे ड्रम लेव्हीनने स्वतःच वाजवले. मार्टिन ॲटकिन्सची निवड-चाचणी म्हणून जे वाजवले गेले, तेच ‘बॅड बेबी’ म्हणून अल्बममध्ये गेले. शेवटची ‘रेडिओ ४’ ही शब्दांविना रचना लेव्हीनने एकट्याने केली. इतक्या गोंगाटानंतरची ही संथ, सुरेल चार-साडेचार मिनिटे बीबीसीच्या सभ्य वाहिनीचे नाव घेऊन येतात, यातला टोमणा उघड आहे.

वेष्टन : अल्बमला मुखपृष्ठ नव्हते. तबकड्या सोळा मिलिमीटर फिल्मच्या रिळाच्या गोल डब्यात आल्या. झाकणावर ‘पिल’चे बोधचिन्ह तेवढे उठवलेले. कल्पना छायाचित्रकार डेनिस मॉरिसची, डबे मेटल बॉक्स या कंपनीचे. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ६०,००० प्रती निघाल्या. खर्च इतका वाढला, की बँडला आगाऊ रकमेचा काही भाग व्हर्जिनला परत करावा लागला.

डबा दिसायला देखणा, वापरायला वैताग. तीन तबकड्या मधे नुसत्या कागदी चकत्या घालून घट्ट बसवलेल्या, त्यामुळे बोट घालून एक काढायची तर ओरखडा ठरलेला. शिवाय प्रत्येक बाजू थोड्याच वेळात संपते, म्हणजे तासाभरात पाच वेळा उठायचे. या गैरसोयीला लहर म्हणून सोडून देणे मात्र चूक ठरेल. तबकड्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या होत्या, कारण वेग जास्त आणि खोबणी रुंद असली की खर्ज भरून उमटतो. जमैकातले बारा इंची डब याच युक्तीवर चालत. वॉबलचा बेस जिथे सगळे गाणे तोलतो, तिथे हा निर्णय संगीताचाच भाग होता.

फेब्रुवारी १९८० मध्ये हाच ऐवज ‘सेकंड एडिशन’ नावाने ३३⅓ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर, साध्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात आला. तो स्वस्त, सोयीचा आणि अमेरिकेत बहुतेकांनी ऐकलेला. त्यात रचनाक्रम बदलला आणि खर्जही उतरला. शक्य असेल त्याने ४५ फेऱ्यांचीच आवृत्ती ऐकावी.

नंतर : डबा असूनही, किंवा डब्यामुळेच, अल्बम ब्रिटनमध्ये अठराव्या क्रमांकापर्यंत गेला. वॉबल १९८० मध्ये बाहेर पडला. ‘द फ्लॉवर्स ऑफ रोमान्स’ (१९८१) हा पुढचा अल्बम बेसला जवळपास फाटा देऊन ड्रमवरच उभा राहिला. न्यूयॉर्कच्या एका बँडने ‘रेडिओ ४’ हेच नाव घेतले. १९९० मध्ये सीडीही छोट्या गोल डब्यात निघाली. कीथ लेव्हीन नोव्हेंबर २०२२ मध्ये वारला.