दशांश अपूर्णांकांचा भागाकार

दशांश अपूर्णांकांच्या भागाकारात अंक बरोबर येऊनही उत्तर चुकू शकते, कारण चूक बहुधा दशांश चिन्हाच्या जागेत असते. हे चिन्ह एक घर सरकले की उत्तर दहापट होते किंवा एक दशांशावर येते. औषधाच्या मात्रेत ०.५ मिलिलिटरच्या जागी ५ मिलिलिटर झाले, तर ही चूक जिवावर बेतू शकते.

या भागाकाराचे तत्त्व सोपे आहे. भाज्य आणि भाजक या दोहोंना एकाच संख्येने गुणले असता भागाकार बदलत नाही. म्हणून प्रथम भाजक पूर्णांक करून घ्यावा. भाजकातील दशांश चिन्ह जितकी घरे उजवीकडे न्यावे लागेल, तितकीच घरे ते भाज्यातही न्यावे. अंक कमी पडल्यास शून्य लिहावे.

समजा, १२.६ लिटर तेल ०.३५ लिटरच्या बाटल्यांत भरायचे आहे. दोन्ही संख्यांना १०० ने गुणल्यास १२६० भागिले ३५ अशी मांडणी होते. १२६ मध्ये ३५ तीन वेळा जातात. १०५ वजा करून २१ उरतात. पुढील शून्य खाली घेतल्यावर २१० होतात व त्यांत ३५ बरोबर सहा वेळा जातात. उत्तर ३६ बाटल्या.

बाकी उरल्यास भागाकारात दशांश चिन्ह द्यावे आणि बाकीपुढे शून्य घेऊन पुढे जावे. ९.१ भागिले ०.४ म्हणजे ९१ भागिले ४. येथे २२ वेळा भाग जाऊन ३ उरतात. ३० मध्ये ४ सात वेळा जातात, २ उरतात. २० मध्ये पाच वेळा जातात. उत्तर २२.७५. मात्र ९.१ मीटर कापडाचे ०.४ मीटरचे तुकडे करायचे असतील, तर २२ तुकडे होऊन ३ नव्हे, ०.३ मीटर कापड उरते. भाज्य दहापट केल्याने बाकीही दहापट झालेली असते, हे विसरता कामा नये.

भाजक एकापेक्षा लहान असल्यास उत्तर भाज्यापेक्षा मोठे येते. ०.३५ हा साधारण एक तृतीयांश. म्हणून पहिल्या उदाहरणाचे उत्तर १२.६ च्या तिपटीच्या आसपास हवे. ३.६ किंवा ३६० आल्यास चूक तत्काळ ध्यानात येते.

युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार सायमन स्टेव्हिन यांच्या १५८५ मधील पुस्तिकेने झाला. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे व पैशाच्या ३ पै असत, आणि रक्कम वाटताना प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या बाकीचे वेगळ्या पटीने रूपांतर करावे लागे. दशमान पद्धतीत ही पट सर्वत्र दहाच राहते. त्यामुळे बाकीपुढे केवळ एक शून्य लिहून भागाकार पुढे नेता येतो.