दूरदर्शन, संगणक आणि आपली मुले

ज्ञानदानाची साधने काळानुसार बदलत आली आहेत. पाटी-पेन्सिलीच्या जोडीला पडदा आला, त्याला आता दोन पिढ्या उलटल्या. ह्या इतिहासापासून पालकांनी बोध घ्यावा, म्हणून हा अल्पसा मागोवा.

भारतात दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला व १९६१ पासून तेथील शाळांसाठी पाठ दाखविले जाऊ लागले. मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. परंतु खरा मोठा प्रयोग झाला तो खेड्यांत. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ ह्या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी होता. हिंदी, कन्नड, तेलुगू व उडिया भाषांतून धडे मिळत. पाहणीअंती काय आढळले? मुलांची भाषा सुधारली, जिज्ञासा वाढली. परंतु शाळेतील गळती काही थांबली नाही. जे मूल घरच्या कामामुळे शाळेत येत नाही, त्याला पडदा कसा आणणार? ती जबाबदारी माणसांचीच होती.

संगणकाची कथाही अशीच. १९६७ साली सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. मुलाने आज्ञा द्यावी, चुकल्यास स्वतः शोधून दुरुस्त करावी, हे तिचे तत्त्व. संगणकाने मुलाला चालवावे असे नव्हे, तर मुलाने संगणकाला! आपल्याकडे १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली सुमारे २५० शाळांना संगणक मिळाले. परंतु संच मोजके, विद्यार्थी अनेक. पुष्कळांच्या वाट्याला केवळ दर्शन आले.

आज नेमके उलट झाले आहे. पडदा प्रत्येक मुठीत आहे, आज्ञा मात्र तो देतो. जेवताना, रडताना, निजताना मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो आणि लगोरी, विटी-दांडू, लंगडी मागे पडतात. भांडण मिटविणे, हार पचविणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे धडे मैदानावरच मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन केले : पहिल्या वर्षी पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी तितके उत्तम.

पालकहो, यंत्राशी वैर नको. त्याच्याशिवाय उद्याचे शिक्षण नाही. मात्र मुलासोबत बसा, पाहिलेले त्याच्याकडून घरच्या भाषेत वदवून घ्या, आणि सायंकाळी त्याला अंगणात धाडा. साधन कितीही नवे असो, मुलाचा पहिला शिक्षक घरातच असतो.