एका घागरीस आठ घागरी

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे भाग ह्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखास जोडले गेले. माणसांनी सीमा बदलली. पाणी मात्र दोन्ही तीरांचे सामाईकच राहिले.

ह्या जिल्ह्याच्या पूर्व भागात पेद्दवागू नावाचा एक प्रवाह आहे. 2016 पासून तो भाग कुमरम भीम आसिफाबाद ह्या निराळ्या जिल्ह्यात मोडतो. तेलुगूत 'पेद्द' म्हणजे मोठा आणि 'वागू' म्हणजे ओढा. नाव ठेवणाऱ्यांनी त्यास नदी म्हटले नाही, हे योग्यच झाले. पावसाळ्यात तो दुथडी भरून वाहतो आणि उन्हाळ्यात वाळूतून कशीबशी वाट काढतो. अखेर त्याचे पाणी प्राणहितेच्या व तिच्याबरोबर गोदावरीच्या पात्रात जाते.

1938 साली, निजामाच्या राजवटीत, ह्या ओढ्याच्या आश्रयाने सिरपूरची कागद गिरणी स्थापन झाली. रानात बांबू होता आणि जवळच पाणी होते. कोत्तपेट गावाचे पुढे कागजनगर झाले. कागद करण्यास पाणी फार लागते, आणि वापरलेले पाणी कोठे तरी सोडावेच लागते. ते शुद्ध करून सोडले म्हणजे कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यास थोडे विलायतेस जावे लागेल.

सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी इंग्लंडमध्ये 1898 साली एक शाही आयोग नेमला गेला. त्याने 1912 च्या अहवालात दंडक घातला : शुद्ध केलेल्या एक लिटर पाण्यात तरंगता गाळ 30 मिलिग्रॅमहून अधिक नसावा, आणि त्यातील घाण कुजताना पाच दिवसांत 20 मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होऊ नये. हे आकडे जगभर गेले. परंतु त्यांना जोडलेली अट वाटेतच गळाली. सांडपाण्याच्या एका घागरीस नदीच्या स्वच्छ पाण्याच्या निदान आठ घागरी मिळाल्या पाहिजेत, अशी ती अट होती. शिवाय परीक्षेसाठी उष्णमान धरले होते 65 अंश फॅरनहाइट, म्हणजे इंग्लंडच्या उन्हाळ्यातील नदीचे.

आपल्याकडे 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. पुढे नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी प्राणवायूच्या मागणीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम ठरली. पण वैशाखात पेद्दवागूने आठ घागरी आणाव्यात कोठून? वर आसिफाबादेकडे धरण बांधून पाणी शेतीसाठी अडविले आहे, तेही गरजेचेच. तेव्हा उन्हाळ्यात सोडलेले पाणी ओढ्यात मिसळत नाही. तेच ओढा होऊन वाहते.

उन्हाची भर निराळीच. 20 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांस तो साडेसातांवर येतो. आणि नेमक्या त्याच वेळी सूक्ष्म जंतूंची भूक वाढते. प्राणवायू चारांच्या खाली घसरला की पुष्कळ माशांना तग धरणे कठीण होते. शिवाय बांबूतील लिग्निन नावाचे द्रव्य जंतूंना सहजी पचत नाही. त्यामुळे परीक्षेत उतरलेले पाणीही तांबूस राहू शकते, आणि त्या रंगामुळे पाण्याच्या तळाशी ऊन पोहोचत नाही. विरघळलेले क्षारही साध्या शुद्धीकरणाने निघत नाहीत.

ह्यावर गिरणीच बंद करावी, हे उत्तर नव्हे. 2014 साली ती बंद पडली आणि 2018 साली पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात कामगारांच्या घरी चुली कशा पेटल्या असतील, हे सांगावयास नको. उत्तर हिशेबात आहे. मर्यादा वर्षभर एकच न ठेवता ओढ्याच्या त्या त्या महिन्याच्या प्रवाहावरून ठरवावी. उन्हाळ्यात वापरलेले पाणी गिरणीतच पुन्हा फिरवावे, उरलेले तळ्यांत साठवून पावसाळ्याची वाट पाहावी. सांडपाणी शुद्ध करून कोरड्या नदीत सोडणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेसही हाच हिशेब लागू आहे.

शुद्धीकरणाचे अर्धे काम यंत्र करते आणि अर्धे नदी करते. आपण नदीच्या वाट्याचे काम तिच्यावर सोपविले, पण ते करावयास लागणारे पाणी तिच्याजवळ ठेवले नाही.