डोह राखला तर नदी राहते

आजची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातली आहे, आणि ती सुरू होते एका साध्या शब्दापासून. डोह.

यवतमाळ शहराला पाणी पाजणारी दोन जुनी धरणं आहेत, निळोणा आणि चापडोह. २०१८ च्या उन्हाळ्यात ही दोन्ही आटली. माणसं रात्र-रात्र टँकरची वाट बघत बसली. चापडोह! नावातच डोह, आणि तिथेच पाणी नाही. तेव्हा सगळीकडे माणसांच्या तहानेची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. पाणी आटतं तेव्हा मासा कुठे जातो?

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. मधे अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला, मग त्यांची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या गावामागच्या नाल्यातून निघालेला मासा, वाट मोकळी असेल तर, थेट गोदावरीपर्यंत पोहोचू शकतो.

पण या नद्या हिमालयातल्या नाहीत. पाऊस थांबला की धार बारीक होते, आणि चैत्र-वैशाखात तर नदी तुटते. मधे फक्त खडक, वाळू आणि अधूनमधून उरलेले खोल डोह. उन्हाळाभर मासा तिथेच तग धरतो. मृगाचा पहिला पूर आला की हेच मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. म्हणजे हे डोह नदीचं बियाणं आहेत. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याची ज्वारी दळायला काढत नाही. डोहाचंही तसंच आहे.

जुन्या माणसांना हे कळत होतं. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात, काळ नदीवर वाळण कोंड आहे. कोकणात कोंड म्हणजे आपला डोहच. काठावर वरदायिनी देवी, आणि पाण्यात मोठमोठे महसीर मासे. देवीचे म्हणून त्यांना कुणी मारत नाही. लोक वरून कुरमुरे टाकतात, मासे वर येतात. तिथे ना गार्ड आहे, ना कुंपण.

या महसीरची एक गंमत सांगतो. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. एका महसीरला त्याने नाव दिलं ‘खुद्री’, दुसऱ्या एका माशाला ‘कोलस’. शास्त्राच्या पुस्तकात आजही हीच नावं आहेत, आणि ती आली इथल्या बोलीतून. म्हणजे साहेबाच्या आधी मासे ओळखणारी माणसं आपल्या नद्यांच्या काठावर होतीच.

मग बिघडलं कुठे? एका दिवसात काही झालं नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायचा प्रकार इतका वाढला, की १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यात त्यावर थेट बंदी घालावी लागली. कायदा कागदावर राहिला. स्वातंत्र्यानंतर धरणं आली. पूस, अरुणावती, पैनगंगेवरचं इसापूर. ओलीत वाढलं, ते हवंच होतं. पण चढणीच्या माशाची वाट भिंतीने अडली. नदीवरचा भोई जलाशयावरच्या सोसायटीत गेला, आणि पाण्यात सुटलं ते रोहू, कटला, मृगळचं विकत आणलेलं बीज. पाठोपाठ तिलापिया आला. वाळूचा उपसा वाढला, डोहांना मोटारी लागल्या. गावाचा मासा ताटातून आधी गेला, मग आठवणीतूनही जायला लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. घाटंजीच्या ‘दिलासा’ संस्थेने यवतमाळात ‘डोह मॉडेल’ उभं केलं. नाल्याच्या पात्रातच ओळीने खोल खड्डे घ्यायचे. पावसाचं पाणी त्यात थांबतं, जमिनीत मुरतं, आणि शेतकऱ्याला हरभऱ्या-गव्हाला पाणी मिळतं. हे काम ओलितासाठी झालं, माशांसाठी नाही. पण शब्द तोच परत आला, आणि गावाने एकत्र बसून नाल्याचा विचार केला, हे महत्त्वाचं.

माशांसाठीचं काम बघायचं असेल तर पूर्वेला, भंडारा-गोंदियात जावं लागेल. तिथे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत, ज्यांना आज आपण ‘मामा तलाव’ म्हणतो. १९५१ नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि देखभालीला कुणी वाली उरला नाही. गाळ साचला, बेशरम माजली, देशी मासे कमी झाले. मनीष राजनकर आणि त्यांच्या ‘फीड’ संस्थेने ढिवर समाजातल्या जाणत्या माणसांना गुरू मानलं. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, कोण कुठे अंडी घालतो, हे पतिराम तुमसरे यांच्यासारखे ढिवर सांगत गेले. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, पावसात देशी पाणवनस्पती लावल्या. वनस्पती आल्या, तसे मासे परतले, पक्षीही परतले. या कामात बाया पुढे होत्या.

यातून यवतमाळने काय घ्यायचं? माझ्या मते, खड्डा खोदणं सोपं आहे. अवघड आहे ते पाणी शिल्लक ठेवणं. मोटर कुठे थांबवायची, हे गावाने ठरवायला हवं. प्रत्येक नदीवर निदान एक डोह असा असावा, ज्यात ना जाळं पडेल, ना मोटर, ना विष. पहिल्या पुरात पोटात अंडी घेऊन चढणारा मासा त्या काही दिवसांत धरायचा नाही. आणि घरच्या टाकीतला परदेशी मासा कंटाळा आला म्हणून नाल्यात सोडायचा नाही. याला निधी लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव लागतो आणि तो पाळणारी माणसं.

शेवटी एक काम देतो. आज घरातल्या आजी-आजोबांना विचारा, आपल्या नदीवर कोणकोणते डोह होते? त्यांची नावं काय? त्यात कोणते मासे मिळायचे? मोबाइल हातात आहेच, रेकॉर्ड करून ठेवा. कारण डोह बुजला तर एखादवेळ परत खोदता येईल. पण त्याचं नाव सांगणारं माणूस गेलं, तर तो होता कुठे हेही कळणार नाही.