शेळी, कुऱ्हाड आणि शासन निर्णय

आदर्श गाव योजनेत यायचं तर गावाला आधी ग्रामसभेत ठराव करावा लागतो. दारू बंद, कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद, कुटुंब मर्यादित ठेवायचं, श्रमदान करायचं, उघड्यावर शौचाला बसायचं नाही आणि शेतीच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचं नाही, अशी ही सप्तसूत्री. यात बांध-नाल्याचं एकही कलम नाही. माती अडवायला आणि पाणी जिरवायला सरकार निधी देणार, आणि त्याआधी गावाने बाटली सोडायची? हा अनुदानाचा अर्ज आहे की माळ घालण्याचा विधी, असं नवख्याला वाटलं तर नवल नाही.

या अटी राळेगणसिद्धीतून आल्या, असं सांगायची पद्धत आहे. ते खरं आहे, पण पुरतं नाही. राळेगणला त्या अटी नव्हत्याच. कुणाकडून काही मिळवण्यासाठी गावाने त्या मान्य केल्या नव्हत्या. शिवाय त्यातल्या दोन, कुऱ्हाडीची आणि चराईची, राळेगणच्या कितीतरी आधी या मुलखात येऊन गेल्या होत्या, आणि लोकांच्या मनात त्यांची आठवण कडू होती.

कुऱ्हाडबंदीचा एक जुना दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागतं, ते कुठून आणावं हे सांगताना अमात्य बजावतात की रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये; ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. इथे बंदी आहे ती सरकारच्या कुऱ्हाडीवर. पुढे ही दिशा उलटली.

1878 च्या वन कायद्यानंतर राखीव रानं वाढली आणि गावोगावची गायरानं, पडीक माळ जंगल खात्याच्या हद्दीत जाऊ लागले. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (1883) याची चीड आहे: गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही. पण फुले तक्रार करून थांबत नाहीत, उपायही सांगतात. गायरानं गावांना परत करा. नद्या-तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या. फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजागी ताली-बंधारे घालून घ्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल आणि कस वाहून जाणार नाही. पाणलोट हा शब्द धोरणात येण्याआधीचा हा पाणलोटाचा आराखडा आहे, आणि त्यात श्रमाचा बोजा फुल्यांनी सरकारवर टाकला आहे, शेतकऱ्यावर नाही. आपल्या जलसंधारणाच्या इतिहासात हे पान क्वचितच उघडलं जातं.

सरकारने बांध घातले, पण आपल्या रीतीने. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात मातीची धूप थांबवायची म्हणून 1942 साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्यात योजना जाहीर व्हायची, हरकती मागवल्या जायच्या, काम खातं करायचं, मालकाच्या वाट्याचा खर्च त्याच्याकडून वसूल व्हायचा आणि बांध राखण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात. सरकारी योजनेत सामील झालेल्या शेतकऱ्याचं कर्तव्य कायद्याने लिहून ठेवल्याचं आपल्याकडचं हे ठळक उदाहरण.

त्या बांधांचं पुढे काय झालं हे समजायला शेतात उभं राहावं लागतं. समपातळी बांध उताराला आडवा, समान उंचीच्या रेषेने जातो, गट नंबरच्या रेषेने नव्हे. त्यामुळे तो एकाच्या शेतात मधोमध शिरतो, दुसऱ्याच्या कोपऱ्याला तिरका कापतो आणि भावकीच्या धुऱ्याशी त्याचा काही संबंध राहत नाही. औत फिरवताना दर खेपेला वळवायचं, बांधाखालची पट्टी पडीक टाकायची, काळ्या रानात बांधाला लागून पाणी तुंबलं की पीक पिवळं पडलेलं बघायचं. दोन-तीन पावसाळ्यांत कुणीतरी टिकावाने खांड पाडतो, ओघळ लागते, बांध सपाट होतो. दप्तरात बांध उभाच असतो. शेतकरी अडाणी, त्याला संवर्धनाचं महत्त्व कळत नाही, हा शेरा अधिकाऱ्यांनी तेव्हापासून मारलेला आहे. ज्याच्या शेतातून बांध जाणार त्याला रेषा आखताना कुणी बोलावलं नव्हतं, ही गोष्ट शेऱ्यात येत नाही.

1972 च्या दुष्काळाने खर्चवसुलीचा प्रश्नच बाजूला सारला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि खडी फोडण्याबरोबर नालाबांध, पाझर तलाव अशी कामं निघाली. लोकांना मजुरी हवी होती, कामाचं पुढे काय होणार याची विचारपूस कुणी करत नव्हतं. पाझर तलाव झाले आणि अनेक ठिकाणी ते पाझरण्याऐवजी सरळ गळू लागले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतला तलाव त्यातलाच.

1975 साली किसन बाबूराव हजारे सैन्यातून निवृत्त होऊन या गावात आले तेव्हा इथे वर्षाला 400-500 मिलिमीटर पाऊस, एका पिकाची मारामार आणि दारूच्या तीसेक भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडसुद्धा भट्टीखाली गेलं होतं. हजाऱ्यांनी फंडाच्या पैशातून मंदिर दुरुस्त केलं, गाव तिथे बसू लागलं, आणि भट्ट्या बंद करण्याचं ठरलं ते त्याच मंदिरात. देवासमोर दिलेला शब्द होता. मोडला तर तहसीलदार येणार नव्हता, पण गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दारूचा पाण्याशी काय संबंध, हे कोडं इथे सुटतं. हातभट्टीला सरपण लागतं. सरपण डोंगरावरून येतं. डोंगर उघडा पडला की पहिल्या वळवाला माती खाली येते आणि नालाबांध, तलाव गाळाने भरतात. शिवाय रात्री प्यालेला माणूस सकाळी पाटी-फावडं घेऊन येत नाही. मोकाट शेळ्या-गुरांनी गवताचे कोंब खाल्ले तर डोंगराची सावरण्याची संधीही जाते. म्हणजे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही चार सूत्रं नीतिपाठ म्हणून नव्हे, एकाच उताराच्या हिशेबातून आलेली आहेत. राळेगणच्या पाच सूत्रांतलं पाचवं, नसबंदीचं, तेवढं आणीबाणीच्या वर्षांतल्या हवेतून आलेलं दिसतं. उताराशी त्याचं नातं मला तरी जुळवता येत नाही.

गळका तलाव लोकांनी श्रमदानाने दुरुस्त केला आणि त्याच्या खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. गावाला इतरांना पटवून द्यायला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. त्यानंतर सरकारी योजनांचेच पैसे वापरून नालाबांध, चर, गॅबियन बंधारे, वृक्षलागवड झाली. राळेगणने सरकारी मदत नाकारली अशी एक दंतकथा आहे. तसं काही नाही. निधी सरकारचाच होता, फक्त शिस्त त्याच्या आधी आलेली होती.

त्या शिस्तीला एक काळी बाजूही होती. पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जात. ही गोष्ट जाहीर आहे, हजाऱ्यांनी स्वतः तिचं समर्थन केलेलं आहे, आणि मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर कठोर लिहिलं आहे. गावाचं एकमत कशाला म्हणायचं, हा प्रश्न राळेगणच्या प्रत्येक कौतुकाला चिकटून राहतो. मला तो रास्त वाटतो.

हजाऱ्यांपुढे एक नमुना होता. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंत्याने देवस्थानची 40 एकर जमीन कराराने घेऊन 1974 पासून काम सुरू केलं होतं. तिथून निघालेल्या पाणी पंचायतीच्या अटी वेगळ्या जातीच्या होत्या. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही, माणशी. डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उपसा योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी घालायचा. इथे बंधन आणि हक्क एकाच कागदावर होते: तू ऊस सोड, तुला अर्ध्या एकराचं पाणी. राळेगणच्या पंचसूत्रीत सोडायच्या गोष्टी आहेत, मिळायचं काय ते लिहिलेलं नाही. राज्यभर पुढे गेली ती पंचसूत्री. सरकारला पाण्याची वाटणी लिहून देण्यापेक्षा शेळी बांधायला सांगणं सोपं होतं, हे त्यामागचं एक कारण असावं.

1992 साली, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, जलसंधारण खातं वेगळं झालं आणि आदर्श गाव योजना आली. तालुक्याला एक गाव, म्हणजे राज्यात सुमारे 300 राळेगण. धुरा हजाऱ्यांकडेच होती. मंदिरातला शब्द शासन निर्णयात उतरला, पुढे लोटाबंदी आणि बोअरबंदी मिळून पाचाचे सात झाले. ठरवलेली संख्या मात्र गाठली गेली नाही.

त्याच सुमाराला राळेगणच्याच जिल्ह्यात दुसरा धागा विणला जात होता. नगरच्या सोशल सेंटरमधले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला; पैसा जर्मनीचा, वाहिनी नाबार्डची, आणि 1993 पासून ‘वॉटर’ ही संस्था. त्यांनीही श्रमदान, चराई आणि वृक्षतोडीची बंधनं घातली, पण एक मोलाची भर टाकली. नेट प्लॅनिंग. शेतकऱ्याला, शक्यतो त्याच्या बायकोलाही, त्यांच्याच गटात उभं करून कुठे बांध, कुठे झाड, कुठे गवत हे ठरवायचं आणि मग सही घ्यायची. 1942 च्या कायद्याला जे सुचलं नाही ते पन्नास वर्षांनी झालं.

केंद्राने 1994 साली हनुमंतराव समितीच्या शिफारशींवरून पाणलोटाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि श्रमदानाचं रूपांतर टक्क्यांत झालं. 2008 च्या सामायिक सूचनांत खासगी जमिनीवरच्या कामाला दहा टक्के लोकवाटा होता. अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना पाच. हा पैसा पाणलोट विकास निधीत जायचा, पुढच्या देखभालीसाठी.

कागदावर चोख. आता मस्टर बघा. बांधावर काम करणारा मजूर बहुधा शेजारच्या वस्तीवरचा, भूमिहीन. बांध बागायतदाराचा. लोकवाटा मालकाने रोख द्यायचा, पण तो कुणी देत नाही. मग मजुराच्या हजेरीतून कापला जातो. आठ दिवस खपलेल्याला सातांची मजुरी, आणि वहीत लिहिलं जातं की गावाने श्रमदान केलं. ज्याची जमीन नाही त्याने ज्याची आहे त्याच्या विहिरीसाठी घाम दान केला. पाणलोटावरच्या अभ्यासांत ही तक्रार इतक्यांदा आली आहे की तिला अपवाद म्हणता येत नाही.

चराईबंदीचं ओझंही तिकडेच कलतं. डोंगर वर, विहिरी खाली. वर चरणारी शेळी भूमिहीनाची किंवा धनगराची. खाली वाढलेलं पाणी शेतवाल्याचं. शेळी दावणीला बांधायची तर चारा कापून आणायला घरातला एक माणूस अडकतो, आणि तो माणूस म्हणजे रोजंदारीवरची बाई. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत मेंढपाळांनी याच मुद्द्यावर हरकत घेतली, आणि मग रान एकदम न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तडजोड झाली. हरियाणातल्या सुखोमाजरीत सत्तरच्या दशकात याहून पुढची पायरी गाठली होती: डोंगरावर गुरं न सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो नसो, तळ्याच्या पाण्यात वाटा. अमेरिकेत 1985 पासून धुपीची जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याशी सरकार दहा-पंधरा वर्षांचा करार करतं आणि दरसाल भाडं देतं. आपल्याकडे डोंगर मोकळा ठेवणाऱ्याला भाडं द्यावं ही कल्पना मुळीच रुजली नाही. कारण जो डोंगर मोकळा ठेवतो त्याच्या नावे सातबारा नसतो.

2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आलं आणि बंधनांचा सूर बदलला. जेसीबी-पोकलेनला चराईबंदीची वाट पाहायची गरज नसते. नाला एका आठवड्यात खोल होतो, ठरावाला वर्ष लागतं. श्रमदान 2016 पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये स्पर्धा होऊन परतलं, उत्साहाने आणि बक्षिसासह. 2017 च्या गाळमुक्त धरण योजनेत यंत्राचा खर्च बाहेरून, वाहतूक शेतकऱ्याची: फुल्यांची मागणी 134 वर्षांनी, ट्रॅक्टरच्या डिझेलचं बिल जोडून, मंजूर झाली.

सात सूत्रांतलं शेतवाल्याला खरं झोंबणारं एकच, बोअरबंदीचं. राळेगणपासून फार दूर नसलेल्या हिवरे बाजारने ते पाळलं. पोपटराव पवारांच्या या गावात पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाऊस कमी तर रब्बीला कोणती पिकं नाहीत हे तिथेच ठरतं, आणि ऊस-केळीचा विषय निघत नाही. पाण्याचा हाच हिशेब पुढे केंद्राच्या अटल भूजल योजनेत गावोगाव भरून घेतला गेला. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने तर 60 मीटरपेक्षा खोल विहिरीवर शेतीसाठी निर्बंधच घातले आहेत. तरीही फेब्रुवारी उजाडला की बोअरच्या गाड्या वस्त्या-वस्त्यांवर फिरतात, त्यांना 60 मीटरवर कुणी थांबवत नाही, आणि डोंगरावर शेळी दिसली तर मात्र राखणदार पावती फाडतो.