शाई, बाष्प आणि चांदीचे कुंचले

मुद्रणाचा इतिहास लिहिणारे अक्षरांच्या सौंदर्यावर भरभरून लिहितात. अक्षरे लहान का झाली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न ओढ लावतो. चेन्नई आणि तिच्या दक्षिणेचा किनारा एवढ्या टापूत त्याचे उत्तर दोनदा सापडते, आणि दोन्ही वेळा ते टंचाईचे आहे.

पहिले उत्तर तरंगंबाडीचे. अठराव्या शतकाच्या आरंभी या डॅनिश ठाण्याभोवती तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि डॅनिश लोक त्या दरबारी खंड भरत. १७१३ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरातून तमिळ टाइप येथे पोचला. तो भलताच मोठा निघाला. झीगेनबाल्ग या मिशनऱ्याला नवा करार छापायचा होता आणि कागद तर जहाजाने यायचा. त्या टाइपात ग्रंथ छापायचा तर कागद पुरता ना. मग तिथल्या तिथे लहान टाइप पाडला गेला. त्यासाठी चीजच्या डब्यांचे शिसे वितळवले, असे सांगतात. १७१५ पर्यंत नवा करार छापून झाला. जागा वाचवणे म्हणजे कागद वाचवणे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. (मद्रासला छापखाना आला तो लुटीतून. १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, तिथले यंत्र उचलून आणले आणि ते वेपेरीच्या मिशनऱ्यांच्या हाती दिले.)

लहान अक्षराचा हव्यास पुढे टंचाईपासून सुटला आणि पैजेचा विषय झाला. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमनने कॅलिफोर्नियातल्या भाषणात विचारले, ब्रिटानिका विश्वकोशाचे सगळे खंड टाचणीच्या डोक्यावर का लिहू नयेत? पुस्तकाचे पान पंचवीस हजारपट लहान करून दाखवणाऱ्याला त्याने बक्षीस लावले. ते १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमनने इलेक्ट्रॉनांच्या झोताने लिहून जिंकले. लिहिलेले पान टाचणीवर पुन्हा शोधून काढणे, हेच म्हणे जास्त अवघड गेले. १९८९ मध्ये आयबीएमच्या डॉन आयग्लरने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि कंपनीचे नाव लिहिले. त्यासाठी हवा काढून घेतलेले पात्र आणि निरपेक्ष शून्याच्या जवळची थंडी लागली. पराक्रम मोठाच, पण अशा थंडीत कोण काय छापणार?

मला त्याहून जवळचे वाटते ते १९९९ मधले हत्यार. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई चक्क टाकासारखी वापरली. दौतीत टाक बुडवावा तशी सुईवर रेणूंची शाई घेतली आणि सोन्याच्या पत्र्यावर सुमारे ३० नॅनोमीटर रुंदीच्या रेघा ओढल्या. केसाच्या जाडीचा काही हजारावा हिस्सा. यात शाई वाहून नेते कोण? त्यांच्या मूळ मांडणीनुसार, हवेतली वाफ. सुई आणि पत्रा यांच्या फटीत दमट हवेतले पाणी आपोआप साठते आणि त्या इवल्या पुलावरून रेणू खाली उतरतात. हवेतला दमटपणा बदलला की रेघही बदलते. चेन्नईत उन्हाळ्यात घामाने कागद हाताला चिकटतो. इथल्या माणसाला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे उत्तर याच दमट हवेत आहे. गिंडीच्या जंगलाला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांचा गट नॅनोकणांवर काम करतो. पाण्यातली कीटकनाशके चांदीच्या कणांनी काढून टाकणारी गाळणी याच कामातून २००७ च्या सुमारास बाजारात आली. २०१६ मध्ये या गटाने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रॅहम कुक्स यांच्यासोबत एक वेगळाच छापा दाखवला. यात ना सुई, ना निर्वात पात्र. चांदीचे आयन असलेल्या द्रावणाला विजेचा दाब देऊन बारीक थेंबांचा फवारा साध्या हवेत धातूच्या जाळीवर सोडायचा. थेंबांतली चांदी सपाट बसत नाही, उभी वाढते आणि तिचे दाट कुंचले होतात. २०१८ मध्ये अशा कुंचल्यांची नक्षी काढून त्यांनी हवेतली वाफ पकडली. काही भाग पाण्याला ओढणारे, काही पाण्याला झटकणारे. नामिब वाळवंटातला भुंगा धुक्यातून पाणी मिळवतो, तीच युक्ती.

पुढच्याच उन्हाळ्यात चेन्नईचे चारही मुख्य तलाव आटले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून पहिली पाणीगाडी आली, २५ लाख लिटर घेऊन. मिरजेहून लातूरला जाणारी गाडी आपण २०१६ मध्ये पाहिली होतीच. फरक एवढाच की हे शहर समुद्रकाठी, घामेजल्या हवेत बसलेले होते.

म्हणून चांदीच्या कुंचल्यांनी शहराची तहान भागेल, असे मी म्हणणार नाही. एक लिटर वाफेचे पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते, आणि पृष्ठभागावरची नक्षी कितीही बारीक असली तरी ही उष्णता दुसरीकडे न्यावीच लागते. चेन्नईत मे महिन्याच्या रात्रीही हवा तापलेली असते, तेव्हा पृष्ठभाग गार ठेवायचा तर यंत्र चालवावे लागते. कुंचल्याचे काम एवढेच की गार पृष्ठभागावर थेंब लवकर धरावा आणि लवकर सुटावा. हवेतून पाणी काढणारी यंत्रे बनवणारी वायुजल ही कंपनी आयआयटी मद्रासमधूनच निघाली आहे. तिच्या यंत्रांकडे पाहताना मी तरंगंबाडीच्या टाइप पाडणाऱ्याचाच प्रश्न विचारतो: एवढ्यात किती भागेल?