रुमालाखालची लिपी

रत्नागिरीच्या हापूस आंब्याची हकिकत सांगताना कातळ फोडून लावलेल्या कलमांचे, पेंढ्यात फळ बसवण्याच्या हातोटीचे आणि पडाव-आगबोटींतून मुंबईस जाणाऱ्या पेट्यांचे वर्णन आपण हौसेने करतो. परंतु ती पेटी क्रॉफर्ड मार्केटात उतरल्यावर तिचे मोल ज्या रीतीने ठरत असे, ती रीत कापडाखाली झाकलेली राहिली आणि इतिहासलेखनातही झाकलेलीच राहिली. दलाल व खरेदीदार समोरासमोर उभे राहत, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जात, आणि चारचौघांच्या देखत, तोंडातून एकही शब्द न काढता, कोणती बोटे धरली, किती धरली, कशी दाबली यांवरून भाव मागितला जाई, नाकारला जाई, वाढवला जाई व अखेर पक्का होई. या पद्धतीला बाजारात हत्ता म्हणत. ज्याने वर्षभर बाग राखली, त्या रत्नागिरीच्या बागायतदारास या संभाषणातील एक अक्षरही कळत नसे. त्याच्या हाती काही दिवसांनी येई ती दलालाची पट्टी, आणि तीत जो आकडा असेल तो मुकाट्याने मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

बोटांना जे सांगता येत नसे ते बोलण्यासाठी व्यापाऱ्यांपाशी नंदभाषा होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, अशी तिची स्वतंत्र अंकमालाच होती. आणि गिऱ्हाइकाच्या समोर बसून त्याच्याच खिशाचा अंदाज दोन दलाल मोठ्याने बोलून घेऊ शकत. मोल्सवर्थसाहेबांनी आपल्या मराठी कोशात या भाषेची दखल घेतली, हे त्यांचे उपकारच मानले पाहिजेत, कारण आपल्या पंडितांनी बाजारातील बोलीला दफ्तरात जागा देण्याची तसदी क्वचितच घेतली.

तथापि रुमालाखालची ही विद्या बाजारात जन्मलेली नव्हे. तिचे कुलीन रूप करपल्लवी या नावाने फार पूर्वीपासून प्रचलित होते, आणि ते इतके सुबोध व इतके सुंदर आहे की त्याचा तपशील येथे दिल्यावाचून पुढे जाववत नाही. वर्णमालेचे आठ वर्ग पाडून प्रत्येकास हाताची एक मुद्रा नेमलेली असे : स्वरांस अहिफण, म्हणजे नागाची फणी, कवर्गास कमळ, चवर्गास चक्र, टवर्गास धनुष्याचा टंकार, तवर्गास तरू, पवर्गास पल्लव, यवर्गास यौवन, शवर्गास शृंगार. प्रत्येक नावाचे आद्याक्षर त्या त्या वर्गाचेच असल्यामुळे पाठांतराचा भार जवळजवळ नाहीच. मुद्रेने वर्ग सांगावा, बोटांनी त्या वर्गातील अक्षराचा क्रम सांगावा आणि चुटक्यांनी स्वराची मात्रा द्यावी. ‘माड’ हा आपल्या किनाऱ्यावरचा शब्द कोणास सांगावयाचा असल्यास प्रथम पल्लवाची मुद्रा व पाच बोटे, म्हणजे म; मग दोन चुटक्या, म्हणजे आकार; नंतर टंकाराची मुद्रा व तीन बोटे, म्हणजे ड. माजघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वडीलधारी मंडळी जेवत असताना, दोघां मित्रांना एवढ्या सामग्रीवर सबंध मसलत करता येईल.

वात्स्यायनाने चौसष्ट कला मोजताना अक्षरमुष्टिकाकथन आणि म्लेच्छितविकल्प यांना मानाचे स्थान दिले आहे, आणि कामसूत्रावरील आपल्या टीकेत यशोधराने मूलदेवाच्या नावाने चालणारी अक्षरांच्या अदलाबदलीची योजना नोंदवून ठेवली आहे. तीत न आणि म, त आणि प, य आणि श, ख आणि ग अशा जोड्या एकमेकींच्या जागी बसतात. त्यामुळे ‘मन’ लिहावयाचे तर ‘नम’ लिहावे लागते आणि ‘नयन’ याचे ‘मशम’ होते. या योजनेची खुबी अशी की लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास एकच कोष्टक पुरते. ज्या किल्लीने कुलूप लागते तिनेच ते उघडते. महाराष्ट्रात अशा योजनांचा सर्वांत गंभीर उपयोग महानुभावांनी केला. चक्रधरस्वामींच्या लीळा आणि पंथाचे इतर ग्रंथ परक्यांच्या हाती पडून भ्रष्ट होऊ नयेत म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपी वापरल्या, आणि त्यांचा हेतू इतका सिद्धीस गेला की विसाव्या शतकाच्या आरंभी भावे, राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ही कुलुपे उघडेपर्यंत मराठी गद्याचा तो आद्य ठेवा खुद्द मराठी वाचकांस शतकानुशतके अज्ञात राहिला. ग्रंथ टिकले हे खरे. पण त्यांच्या भाषेला आपल्या साहित्याच्या प्रवाहात जे स्थान वेळीच लाभावयास हवे होते ते लाभले नाही, ही हानीही तितकीच खरी आहे.

याच्या अगदी उलट वृत्ती रत्नागिरी जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या एका कवीच्या ठायी दिसते. मोरोपंतांचे पराडकर घराणे मूळचे राजापूर तालुक्यातील सौंदळचे. पंतांनी रामकथा शंभरावर वेळा रचली आणि दर वेळी स्वतःवर नवे बंधन घालून घेतले : एका रामायणात ओष्ठ्य वर्ण येऊ दिला नाही, तर दुसऱ्यात रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे आर्यांतून गुंफली. येथेही अक्षरे लपवलेलीच आहेत, परंतु ती सापडावीत म्हणून लपवलेली आहेत. वाचकाने ती शोधावीत, सापडताच आनंदावे आणि शेजाऱ्यास दाखवावीत, अशी कवीची अपेक्षा आहे. ज्योतिषांची शब्दांकपद्धती याच जातीची. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, वसु म्हणजे आठ, आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे. ‘रसबाणवसुचंद्र’ असे कोणी म्हटले तर सहा, पाच, आठ, एक हे अंक उलटे मांडून १८५६ हे साल निघते, आणि रत्नागिरीच्या माणसास ते टिळकांचे जन्मसाल म्हणून लगेच ओळखू येते. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिताना जे प्राचीन ग्रंथ धुंडाळले, त्यांतील कितीतरी कालनिर्देश अशाच शब्दांकांत आहेत. त्या काळच्या विद्यार्थ्याला गणित आणि कोडे ही दोन निराळी खाती आहेत असे वाटण्याचे कारणच नव्हते.

आणि शास्त्र्यांचा हा व्यासंग ज्यांच्या कानांवरही कधी गेला नाही, त्या मुलांनी काय केले? त्यांनी च ची भाषा केली. शब्दाच्या आद्याक्षरातील व्यंजनाच्या जागी च घालावा, स्वर तसाच ठेवावा आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी नेऊन जोडावे. ‘मी घरी जातो’ याचे ‘चीम चरीघ चातोज’ होते, आणि रत्नागिरीची चत्नागिरीर होते. इंग्रज मुलांच्या पिग लॅटिनमध्येही आद्य व्यंजन असेच शेवटी जाते. एवढ्या अंतरावरच्या मुलांना एकच युक्ती सुचावी, यात मला बालबुद्धीचा मोठाच गौरव वाटतो. मूलदेवाच्या कोष्टकापुढे ही रचना अगदी दुबळी आहे, लक्ष देऊन ऐकणारा कोणीही चौथ्या-पाचव्या वाक्यास तिचे मर्म ओळखील. पण ज्याने ते ओळखले तो त्याच क्षणी मंडळीत दाखल होतो. कोडे सोडवणे हाच तेथे प्रवेशाचा परवाना.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. करपल्लवी आणि हत्ता यांत हुन्नर एकच असला तरी दोहोंचा न्याय एक नव्हे. जेथे किल्ली मागणाऱ्यास मिळते किंवा बुद्धीने मिळवता येते तेथे संकेत हा स्नेहाचा विलास आहे, आणि ज्याच्या मालाचा सौदा चालला आहे त्यालाच जेथे किल्ली नाकारली जाते तेथे तो अन्याय आहे. १९६३ च्या पणन कायद्यानंतर उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तरी वाशीच्या बाजारापर्यंत रुमाल गेलाच, आणि बागायतदारांनी त्याविरुद्ध केलेली तक्रार सर्वस्वी रास्त होती. रुमाल जावा, पण बोटांची भाषा त्याच्याबरोबर जाऊ नये. ज्यांच्या घरी आजही कोणास करपल्लवीच्या मुद्रा, नंदभाषेचे आकडे किंवा आळीतल्या मुलांनी रचलेली एखादी निराळी बोली आठवत असेल, त्यांनी ती नियमांसह, दोन-चार उदाहरणे देऊन, वहीत उतरवून ठेवावी आणि ती वही आपल्या गावच्या वाचनालयास द्यावी.